डहीच्या विहिरीचा खर्च

मुलांनो, तुमचे धारचे आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर वसंतराव, गेले त्याला महिना होत आला. बातमी त्यांच्या बायकोने, सुमनने, फोनवर सांगितली. मी इथे देवासला तांदूळ निवडत बसले होते. "ताई, गेले हो... अर्धा चहा प्यायले आणि खुर्चीतच डोळे मिटले." खरं सांगते, रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. भाऊजी नावावर कसलाही ठपका न ठेवता गेले. एके काळी तेवढंही नशिबात नाही असं आम्हाला वाटलं होतं.

ते धारच्या एका सरकारी कार्यालयात ग्रामपंचायतींचे हिशेब तपासत. तुम्ही सगळे तेव्हा लहान होता. वरून हुकूम आला की आता प्रत्येक पंचायतीचा हिशेब कॉम्प्युटरवर, एकाच ठरलेल्या नमुन्यात भरायचा आणि त्याचा छापील कागद गावात भिंतीवर लावायचा. भाऊजी हरखून गेले. "वहिनी, आता कुणालाही वाचता येईल!" त्यांच्या थोरल्या भावाने, तुमच्या आजोबांनी, चिमटा काढला, "आधी तुझं अक्षर वाचता येत नव्हतं, ते बरं होतं."

पहिलेच कागद लागले आणि धार जिल्ह्यातल्या डही गावाकडच्या एका खेड्यात गलका झाला. विहिरीतला गाळ काढायला सरकारकडून पैसे मिळाले, खर्च मात्र शून्य! मधल्या पावसात विहीर पुन्हा गाळाने भरलेली, तेव्हा काम दाखवणार तरी कसं? रक्कम मंजूर झाल्याच्या कागदावर सही भाऊजींची. चौकशी बसली. निवृत्तीला आठ महिने उरले होते, पेन्शन अडकणार हे उघड होतं. पण त्यांना खात होतं ते वेगळंच. ज्या कागदाची त्यांनी एवढी वाट पाहिली, त्याच कागदाने त्यांना चोर ठरवलं होतं.

कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा म्हणाला, "काकाजी, आंकड़ा ठीक कर देता हूँ. एक मिनट का काम है." भाऊजी म्हणाले, "बेटा, चूक नेमकी कुठे झाली ते न कळता बदललास, तर उद्या कुणीही काहीही बदलेल." आणि पहाटेच्या बसने ते डहीला निघाले.

पुढचं त्यांनीच मला कितीदा तरी सांगितलं. पंचायतीच्या ओट्यावर गावकरी जमले होते. पंचायतीचा सचिव पूर्वी बाजारात एका शेठजींकडे मुनीम होता. भाऊजींनी त्याला वही मोठ्याने वाचायला लावली. गाळ काढल्याची मजुरी, दोर, घमेली, सगळं नीट लिहिलेलं, मजुरांच्या अंगठ्यांसकट. फक्त आदल्या वर्षाच्या पानांवर.

"भिया, हे काम तर गेल्या मेमधलं. तुझं नवं साल लागतं तरी कधी?"

सचिव चकित झाला. "कब मतलब? दिवाली पे! बही की पूजा करके. और कब लगता है साब?"

सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, याचं त्याला कधी कामच पडलं नव्हतं. इतकी वर्षं कागद कपाटात जात होते, कुणी ताडून पाहिलं नव्हतं. मेमध्ये आलेले पैसे सरकारने नव्या वर्षात धरले आणि त्याच महिन्याचा खर्च सचिवाने दिवाळीपर्यंत चालणाऱ्या जुन्या वर्षात. मागे बसलेली एक म्हातारी हसली, "तो बाबूजी चोर नी है, साल चोर है!" सगळा ओटा हसला. भाऊजी म्हणत, त्या हसण्याने छातीवरचा धोंडा उतरला.

दुरुस्त केलेला कागद त्यांनी गावासमोर, स्वतःच्या हाताने, जुन्या कागदाशेजारी चिकटवला. जुना काढू दिला नाही. चौकशी मिटली, पेन्शन वेळेवर सुरू झाली.

तेराव्याला मी धारला गेले होते. दुपारी पुढच्या खोलीत सुमनजवळ बसले. चौकशीच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या नजरा नकोत म्हणून तिने त्या खोलीचं रस्त्याकडचं दार लावून घेतलं होतं. डहीहून परतल्यावर भाऊजींनी ते उघडलं, आणि नंतर रोज सकाळी स्वतः उघडून तिथेच वाचत बसायचे. जाणारा येणारा पायरीवर थांबून आपला कागद पुढे करायचा, "बाबूजी, ये देख दो."

उन्हाची तिरीप आत आली. मी म्हटलं, "सुमन, दार लोटू का जरा?"

"नको ताई," ती म्हणाली आणि खुर्ची तेवढी सावलीत सरकवली.