नाचघरातली मधली मुलगी

सान अँटोनियोच्या पश्चिमेकडच्या वस्तीत तेन्चाने जन्मभर पार्लर चालवलं. तिथल्या बायकांचे पिकलेले केस तिनेच काळे केले आणि त्यांची खरी वयं चारचौघांत सांगितलीही तिनेच. स्वतः मात्र ती कैक वर्षं अडुसष्टावर मुक्काम ठोकून होती. निकासिओ भेटल्यावर तर तिथून हलायची सोयच उरली नाही. तो विधुर. तरुणपणी मिशिगनला बिटाच्या शेतांवर गेला, तो आत्ता कुठे परतलेला. दर रविवारी चर्च सुटलं की तिला बार्बाकोआचं मांस खायला घेऊन जाई. वस्तीला चर्चेला एवढं पुरे.

वस्तीचा इतिहास गोळा करायचं काम लायब्ररीतल्या इवेटकडे होतं. हायवेखाली गेलेल्या नाचघराचा एक फोटो तिच्या हाती लागला, अठ्ठावन्न सालचा. तो भिंतीवर लावायचा होता, पण चेहऱ्यांना नावं नव्हती. म्हणून तिने तेन्चाला बोलावलं. निकासिओच तिला गाडीतून घेऊन आला आणि टोपी हातात धरून मागे उभा राहिला.

तेन्चा रंगात आली. हा मेव्हणीबरोबर पळाला, त्या ट्रम्पेटवाल्याने बँडचे पैसे उडवले, हिचं नाक तेव्हाही असंच होतं. इवेट हसत हसत लिहून घेत होती. मग तिने मधल्या मुलीवर बोट ठेवलं. फुगीर झगा, उंच टाचा, रंगवलेले ओठ.

ती मुलगी तेन्चाच होती. खरं सांगावं, तर अडुसष्टाच्या हिशेबाने ही पोर तेव्हा बाहुल्या खेळत असायला हवी, आणि निकासिओ कानाशीच उभा. न सांगावं, तर आपल्याच वस्तीच्या भिंतीवर अनोळखी म्हणून लटकायचं.

"माझी थोरली बहीण," ती म्हणाली. "ओफेलिया. गेली बिचारी."

निकासिओने चष्मा लावून फोटो निरखला.

"मी होतो त्या रात्री. सकाळी मिशिगनचा ट्रक पकडायचा होता. हिला नाचायला विचारणार होतो, पण धीर झाला नाही. नावही माहीत नव्हतं." त्याने चष्मा उतरवला. "बहीण गेली म्हणतेस. मग राहूनच गेलं म्हणायचं."

तेन्चाने त्याच्याकडे तिरपं पाहिलं.

"विचारायला एवढा उशीर लावतात होय रे?" मग ती इवेटकडे वळली. "खोड ते. ओफेलिया कुणी नव्हती. ऑर्तेन्सिया साल्दिवार लिही, माझं पूर्ण नाव. ठळक अक्षरात."

"आणि साल, मावशी?"

"साल बारीक लिही."

फोटो लागला त्या दिवशी पार्लरची जुनी गिऱ्हाइकं झाडून आली होती. दोघींनी तर भिंग आणलं होतं म्हणतात.