मामींचं नाक आणि माझी पिकअप

माझी पिकअप द्रुपदामामींनी दुरुस्त केली. द्रुपदामामी म्हणजे माझी सासू. खुलताबादच्या पुढं एका वाडीत त्या मेंढ्या राखतात आणि जन्मात त्यांनी हातात पाना धरलेला नाही. मी बारा वर्षं गाडी चालवतोय. (हे वाक्य मी मान वर करूनच लिहिलंय.)

माझं गाव इथून लई लांब, सांगोल्याच्या पलीकडं. आठवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. या शहरात माझं म्हणावं असं दोनच: बायको कमल आणि ही पिकअप. कमलला सातवा महिना लागला आणि नेमकं तेव्हाच दोघींचं बिनसलं. केबिनमध्ये डिझेलचा वास सुटला! कमल दार उघडायची, नाकाला पदर लावायची आणि आमच्या अर्ध्या पडेगावाला ऐकू जाईल अशी ओकारी काढायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला माहेरचं माणूस येणार, अशी रीत. गुरुवारी मामी येणार होत्या. माझं म्हणणं एवढंच, की माझी बायको माझ्याच गाडीतनं जाईल. माझ्या बाजूनं तिच्या सोबतीला ना आई येणार होती, ना बहीण. निदान गाडी तरी माझी असावी!

पण कमलनं आईला फोन केलाच आणि माझ्या हातात दिला. मामी म्हणाल्या, "पाव्हणं, राहू द्या. आमचा दत्ता जीप घिऊन येतो. तिच्यात लई ग्वाड वास येतो म्हणं."

दत्ता म्हणजे माझा मेव्हणा. पदवीधर. गल्लीतल्या गल्लीतही सीटबेल्ट लावणारा.

"मामी," मी ठणकावलं, "जीप येणार नाही. वास मी काढतो!"

पहिल्या दिवशी मी केबिन शांपूनं धुतली. वास शांपू लावून परत आला. दुसऱ्या दिवशी मोगऱ्याची उदबत्ती लावली. कमल आत डोकावली आणि दोन पावलं मागं सरली.

"अवो, देवळात टँकर उलटल्यावानी वाटतंय! आणि डिझेलच्या वासात काडी कोण वडतं?"

"डिझेल काय पेट्रोल नाय," मी म्हणालो. (पण उदबत्ती पळत जाऊन नालीत टाकली.)

तिसऱ्या दिवशी शहागंजच्या मिस्त्रीकडं. हा माणूस नुसत्या आवाजावरून गाडीचा आजार सांगतो. पण वासाला आवाज नसतो. त्यानं बॉनेट उघडलं, डिझेलच्या पाइपवरून बोट फिरवलं, फिल्टर पुसून पाहिला, क्लिपा आवळल्या आणि कपाळाला हात लावला.

"पाइप सूका, फिल्टर सूका. पूरी गाडी में एकच चीज गिली है मामू, तुमारा शर्ट! चलो, टाकी दिखाव."

"टाकीकडं बघायचंच नाय," मी छाती काढून म्हणालो. "तिचं तोंड मी स्वतः बंद केलंय. आमच्या पद्धतीनं. थेंब बाहेर येणार नाय."

"पक्का?"

"एकदम पक्का!"

तो बिचारा माझ्या शब्दावर गेला.

गुरुवारी मामी एसटीनं आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही, थेट गाडीकडं गेल्या. ही बाई डोळे झाकून कोकरू हुंगते आणि ते कुठल्या मेंढीचं ते सांगते. त्यांनी पिकअपला चक्कर मारली. मी मागं मागं.

"मामी, वास आता नाहीच म्हणा."

"हाये."

"थोडासा..."

"गप बसा, पाव्हणं. ह्यो निस्ता डिझेलचा नाय. भिजल्या लोकरीचा वास हाये!"

त्या टाकीपाशी थांबल्या, तिच्या तोंडात कोंबलेला बोळा उपसून काढला. काळाकुट्ट, ठिबकणारा. टाकीच्या अंगावरून खालपर्यंत डिझेलचा ओघळ.

"हे काय?"

आता सांगणं भागच होतं. महिन्यापूर्वी मी टाकीचं झाकण एका पंपावर विसरलो होतो. नवं आणेपर्यंत म्हणून घोंगडीचा तुकडा कोंबला आणि तो इतका छान बसला की नवं आणायचं राहूनच गेलं. मी मेंढपाळाच्या पोटचा. घोंगडीबद्दल मला कोणी शिकवायचं नाही!

"घोंगडी हाय, मामी. हिच्यातनं कधी पाऊस झिरपलाय का?"

"पाऊस वरनं पडतो. डिझेल खालनं चढतंय. दिव्यात तेल कसं चढतं वातीतनं?" मामींनी बोळा माझ्या नाकासमोर धरला. "महिनाभर तुम्ही गाडीला वात लावून हिंडलात!"

"आणि वर उदबत्ती पेटवली, आये!" कमलनं लगेच तक्रार दाखल केली.

मामी मात्र तो बोळा उलगडत होत्या. एका कडेला तांबडी किनार दिसली. त्यांचा हात थांबला.

"पाव्हणं... ही किनार माझ्या हातची हाये. लग्नात दिलेली घोंगडी कापली व्हय?"

"कोपराच कापला, मामी," मी म्हणालो. "बाकी सगळी जपून ठेवलीय." आवाज तडफदार काढायचा होता, पण मधेच बसला.

वाटलं, आता जीप येणार. पण मामींनी पदर खोचला. ओघळावर कोरडी माती चोळली, झाडली, मग साबणानं टाकी घासली. मला म्हणाल्या, "हुबं काय राहिलात? झाकण आणा!" मी शहागंजाला धावलो आणि कुलपाचं झाकण आणून बसवलं. दुपारी कमल केबिनमध्ये शिरली. मी देवाचं नाव घेतलं. तिनं पदर नाकावरून काढला, दोनदा हुंगलं आणि आईसाठी सरकून जागा केली.

दौलताबादचा चढ मी बैलगाडीच्या चालीनं चढलो. वाडीत पोचलो तेव्हा दत्ता दारात उभा होता, जीप पुसत. मी मुद्दाम हॉर्न वाजवला. लांबलचक!

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मामींचे हे उपकार मी एक दिवस फेडणार, आणि तेही स्वतःच्या हातच्या कामानं. परवाच फोनवर म्हणालो, "मामी, विहिरीवरची मोटर आवाज करते म्हणे. येऊन बघू का?"

"बरी झाली!" पलीकडून तात्काळ उत्तर आलं. "आत्ताच बरी झाली, पाव्हणं!"

असू दे. मी मागं हटणारा नाही. पुढच्या वेळी पाना घेऊन जाईन, पण न सांगता.