जांभळीची उगवतीकडची साल

बी.एस्सी. होऊन मी हैदराबादेहून घरी आलो, त्या उन्हाळ्यात माझे वडील, आबा, परसातल्या जांभळीला कुऱ्हाड लावायला निघाले होते. शेतात नवी विहीर खोदून झाली होती. तिच्या तळाशी बसवायच्या गोल कड्याला जांभळीचंच लाकूड लागतं, पाण्यात ते कुजत नाही. आणि झाड तर तसंही मरायला टेकलेलं. खोड माणसाच्या उंचीपर्यंत सोलून निघालं होतं.

सोललं होतं गावानंच. हगवणीवर जांभळीच्या सालीचा काढा देतात, आणि औषध मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही ही माझ्या मायची रीत. त्यात साल उगवतीकडचीच हवी, नाहीतर गुण येत नाही, असं सगळे मानायचे. उगवतीची बाजू संपल्यावर पुढच्यानं थोडी शेजारची काढली आणि तीच उगवत धरली. असं करत करत गावाची उगवत पार मावळतीला जाऊन पोचली. मागच्या अंगाला वीतभर रुंद पट्टी तेवढी शाबूत होती.

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि शिकलो ते मन लावून. पट्टी बघताच म्हणालो, "आबा, झाड वाचतं. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळाला जातं. एवढी वाट अजून चालू हाय."

"काहून रे, झाडाचा डॉक्टर होऊन आलास व्हय? वाळल्यावर तोडलं तर लाकूड चिरतं. मंग विहिरीला काय तुझी डिगरी बसवू?"

माय म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबा न. मी ह्या घरात आले तवा गुडघ्याएवढं व्हतं ते."

"थांबतो. पण तू साल देणं थांबवशील का?"

खरी अडचण तिथंच होती.

मी लोंबणाऱ्या सालीच्या कडा धारदार चाकूनं नीट कापल्या, उघड्या लाकडावर शेण आणि काळ्या मातीचा लेप दिला, वरून गोणपाट बांधलं. थोड्याच दिवसांत शेजारच्या काकू नातवासाठी साल मागायला आल्या. मायनं माझ्याकडं पाहिलं. मी वर चढलो आणि मनगटाएवढी फांदी तोडून खाली दिली.

"ही फांदीची झाली रे बाबा. उगवतीकडची पायजे."

"काकू, ही फांदीच उगवतीकडं गेलेली हाय. अख्खी उगवतीची!"

काकूंनी मान वर करून फांदीची जागा पाहिली, मग सूर्य पाहिला. "बराबर हाय. मागच्या खेपेला मी नेली ती तर गोठ्याकडची, मावळतीची व्हती."

आबा खदखदून हसले. त्या दिवसापासून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही आणि खोडालाही कुणी हात लावला नाही. हे मी केलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

दिवाळीत गोणपाट सोडलं. जखमेच्या कडांवरून जाड, कोवळी साल आत सरकली होती. आबांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली आणि विहिरीचं लाकूड विकत आणायला हट्ट्याच्या बाजाराला गेले.