खिडकीतली मांजर आणि भिंतीवरचे बोके

परतूरला आमच्या घरात एक तीन पायांची मांजर आहे. चौथा पाय टेम्पोखाली गेला. जनावरांच्या डॉक्टरनं तो काढला आणि त्याच वेळी पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनही करून टाकलं. तेव्हापासून ती घराबाहेर जात नाही. मला मांजरांचं वेड नाही. पण घरात ज्वारीची पोती असतात, आणि ही असली की उंदीर पोत्यांकडं फिरकत नाहीत. म्हणून ठेवली.

मागच्या हिवाळ्यात गल्लीतले बोके आमच्या मागच्या भिंतीवर येऊन बसायला लागले. एक पिवळा, डोकं गाडग्याएवढं, आणि त्याच्या मागं आणखी दोघं-तिघं. मांजर दुपारी खिडकीत उन्हाला बसायची. बोका दिसला की तिची शेपटी फुगायची, घशातून आवाज निघायचा. बोक्याला त्याचं काहीच नाही. उलट तो खिडकीखाली उतरून मुतून जायचा. मग ही आत येऊन वाकळीवर मुतायची. आधी तिनं असं कधी केलं नव्हतं. खाणंही अर्ध्यावर आलं.

सून वाकळा धुऊन धुऊन वैतागली. एक दिवस लेकाच्या इस्त्रीच्या शर्टावर झालं.

"माय, बस झालं आता," तो म्हणाला. "रविवारी मी शेतात चाललोच हाये. पोत्यात घालून हिला तिकडं सोडतो."

"तिकडं कुत्रे हायेत."

"आन इथं बोके हायेत. मंग तूच सांग काय करू."

तीन पायांची मांजर कुत्र्यांसमोर किती टिकेल हे त्यालाही माहीत होतं. त्यानं एक रिकामं पोतं झटकून दारामागच्या खुंटीला अडकवलं.

म्हणजे रविवारच्या आत बोके हटायला पाहिजे होते. शेजारीण माझ्याच वयाची आहे. ती म्हणाली, निळीच्या पाण्याची बाटली लाव, त्याला कुत्रे भितात, मग बोके कशाला येतील. लावली. पिवळ्यानं बाटलीला अंग घासलं आणि वर चढून बसला. मग भिंतीवर तिखट टाकलं, तर वारं आमच्याकडंच होतं. सून आणि मी, दोघी शिंकून बेजार.

"आत्याबाई, बोके राहू द्या," सून म्हणाली, "आपणच घर सोडू."

तांब्यानं पाणी मारलं की पळायचे. मी पाठ वळवली की पुन्हा हजर.

गुरुवारी शेजारीण वालाच्या शेंगा मागायला आली. माझा वालाचा वेल त्याच खिडकीखाली आहे. तिनं एक शेंग तोडून नाकाला लावली.

"काय गं माय, याला काय घालून राह्यली तू?"

"राख. मावा पडत न्हाई."

"चुलीची?"

चुलीचीच होती, पण मध्ये मांजरीकडून जाऊन आली होती. अंघोळीचं पाणी आम्ही कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर तापवतो. ती राख चाळून मी घमेल्यात घालते, घमेलं मोरीच्या कोपऱ्यात ठेवते आणि मांजर त्यात जाते. घाण उचलून फेकायची, उरलेली ओली राख वेलाच्या बुडाशी. आमच्या घरात राख वाया घालवायची सवय कुणालाच नाही.

हे तिला सांगितलं. तिनं हातातली शेंग टाकून दिली आणि हसत सुटली.

"अगं, तू तर मांजरीचं मूत आणून इथं पसरून राह्यली! बोक्यांना वाटतंय, ही आपल्या जागेत घुसली. म्हणून रोज येऊन वरून आपलं मुतून जातेत."

"तुला बोक्यांचं लई कळतं."

"माझा नवरा तसाच व्हता की. दुसऱ्याचा बांध दिसला की मुतल्याबिगर पुढं जायचा न्हाई."

ती हसत राहिली, मी फावडं आणलं. वेलाच्या बुडाची माती खोलवर काढली, टोपल्यानं नाल्यापलीकडं नेऊन टाकली. जागा पाण्यानं धुतली, नवी माती भरली आणि वर बोरीच्या काट्या अंथरल्या. भिंतीवरही ठेवल्या. खिडकीला खालून अर्ध्यापर्यंत वर्तमानपत्र चिकटवलं. वरून ऊन येत होतं, भिंत दिसत नव्हती. वेलावरच्या शेंगा तोडून फेकल्या. आदल्या आठवड्यात आम्ही खाल्लेल्या शेंगांबद्दल घरात काही बोलले नाही.

पिवळा संध्याकाळी आला. पंजाला काटा लागला तसा पंजा झटकत उभा राहिला, मान खाली घालून हुंगलं आणि न उतरताच गेला. शुक्रवारी आला, थोडा वेळ बसला. शनिवारी भिंत रिकामी होती. मांजर खिडकीत चढली, कागदाला नाक लावलं आणि उन्हात आडवी पसरली. मी घरातल्या सगळ्या वाकळांवरून हात फिरवला. कोरड्या होत्या. तेव्हा कुठं बसून चहा प्याले. किती दिवसांनी तो तोंडाला चांगला लागला.

रविवारी लेकानं पोतं काढलं.

"आधी वाकळा बघ," मी म्हणाले.

त्यानं वास घेऊन पाहिला.

"राहू द्या हो," सून आतून म्हणाली. "परवापासून कोरडंच हाये सगळं."

तो पोतं धरून तसाच उभा राहिला. "बरं. पण मंग तिची राख कुठं टाकणार आता?"

मी त्याच्या हातातल्या पोत्याकडं पाहिलं.

आता दर रविवारी त्याच पोत्यात मांजरीची राख भरून तो मोटारसायकलला बांधतो आणि शेतात नेऊन टाकतो. रस्ताभर वास येतो म्हणून कुरकुर करतो. करू दे. मांजर नेणार होता, राख नेतो.