बिनमालकीची घळ

पाहणी करायला परक्या मुलखातला माणूस पाठवावा, असं आता माझं ठाम मत आहे. परका चुकला तर निदान माहीत नसल्यामुळे चुकतो. मला सगळं माहीत होतं. मी जे केलं त्याला चूक म्हणणं हीसुद्धा मी स्वतःवर केलेली मेहेरबानीच आहे.

जिल्ह्यातल्या कोणत्या गावांमध्ये मिळून कोणता उद्योग उभा राहू शकेल, हे शोधायचं काम एका संस्थेकडे आलं होतं आणि मी तिथे फॉर्म भरायला तात्पुरता लागलो होतो. वडवणीपासून धारूरच्या घाटापर्यंतचा पट्टा माझ्याकडे. कुठे खव्याच्या भट्ट्या, कुठे घोंगड्या विणणारी घरं, असं मोटारसायकलवर हिंडत मी लिहून आणायचो. संस्थेचे साहेब गावांच्या अशा पुंजक्याला क्लस्टर म्हणत. मीही म्हणायला लागलो, अगदी घरीसुद्धा. एकदा बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, "आमचं चुलीचं क्लस्टर तुमच्या यादीत बसतं का हो?" मी हसलो नाही. तेव्हा मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो.

धारूरच्या डोंगरातली सीताफळं ही माझी सूचना. तिथे माझी आत्या दिली होती. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. तिचे यजमान, आमचे मामा, वर्षातले आठ महिने कळपामागे रानोमाळ आणि आत्या चार शेळ्या घेऊन गावात. डोंगराचा तो उतार कागदावर गायरान, पण गावातल्या बायकांनी त्याच्या घळी कधीच्या वाटून घेतलेल्या. सासूची घळ सुनेला जायची. पोळा झाला की जिची तिनं आपल्या घळीच्या तोंडच्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. मग त्या घळीतल्या फळाला दुसरी बाई हात लावत नसे. बांधावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायकासुद्धा ही चिंधी मानत. लहानपणी सुट्टीत गेलो की मी आत्याबरोबर फळं उतरवायला जायचो. फळाचे डोळे उघडल्याशिवाय ते तोडायचं नाही, हे तिनंच मला शिकवलं.

पाहणीसाठी गेलो तेव्हा आत्या आनंदानं नुसती वेडी झाली. भाचा साहेब होऊन आला होता ना! भर उन्हात तिनं मला सगळा डोंगर हिंडवला. ही घळ कुणाची, ती कुणाची, कोणत्या घळीतलं फळ लई गोड, सगळं सांगत होती आणि मी मोबाइलवर एकेक जागा नोंदवत होतो. शेवटी तिच्या घळीशी आलो. हिरव्या लुगड्याची चिंधी वाऱ्यानं फडफडत होती.

"ही माझी. सासूनं हातात हात घालून दावलेली," ती म्हणाली. "लिव्ह की माझं नाव."

"लिहितो, आत्या."

"नीट लिव्ह. तुजं अक्षर चांगलं हाय."

फॉर्ममध्ये मालकीचा रकाना होता. खाजगी, शासकीय, बिनमालकीची. सासूनं दिलेली, असा रकाना नव्हता. खाली 'शेरा' म्हणून तीन ओळी मोकळ्या होत्या. तिथे सगळं लिहिता आलं असतं. पण मालकी घोळाची दिसली की साहेब ते गाव यादीतून काढून टाकत, हे मला ठाऊक होतं. हे गाव यादीत राहायला हवं होतं. आत्याच्या गावात काहीतरी उभं राहील असं मला खरंच वाटत होतं आणि यादी माझी म्हणून साहेब मला कायम करतील, असंही वाटत होतं. यातलं जास्त काय वाटत होतं, ते आज विचारू नका. घाटाच्या वळणावर चहाच्या टपरीवर बसून मी लिहिलं: फळं मुबलक, मालकी कुणाची नाही. तीन ओळी कोऱ्याच ठेवल्या.

साहेबांनी पाठ थोपटली. मी कायम झालो.

पुढे रस्त्याकडेला सीताफळाचा गर काढायचं केंद्र आलं. फळं बिनमालकीची म्हणून डोंगराचा ठेका निघाला. पुढच्या पोळ्यानंतर बायकांनी नेहमीसारख्या चिंध्या बांधल्या. ठेकेदाराची माणसं टेम्पो घेऊन आली, त्यांना चिंधी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. डोळे उघडायच्या आधीच काठ्यांनी झोडपून त्यांनी घळीच्या घळी रिकाम्या केल्या.

ग्रामसभा बसली. मीही होतो, संस्थेतर्फे. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "कुणाची हाय म्हणता, तर कागद दावा."

आत्या उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती सभेत बोलत असावी, पदर दोनदा सावरला. "कागद हाय. माज्या भाच्यानं लिवलाय. माज्या म्होरं लिवतो म्हनला. ह्यो काय बसलाय, इचारा त्याला!"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "फॉर्म वर गेलेत. आता इथे नाहीत."

शब्द न् शब्द खरा होता. एवढं निर्लज्ज खरं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ती शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू कावून तोंड पाडतूस? तू लिवलं हुतंस. वरच्यांनी खोडलं आसंल." गावातल्या बायकांनाही तिनं हेच सांगितलं. कुणी माझं नाव काढलं तर भांडायला उठायची. मी पुष्कळदा ठरवलं की जाऊन सांगावं. घाटापर्यंत गेलो होतो एकदा. चहा पिऊन परत आलो.

गेल्या हंगामात केंद्राची पाहणी करायची वेळ आली. नवा फॉर्म, त्यात किती जणांना रोजगार मिळाला याचा रकाना. आत शिरलो तर ओळीनं बायका बसलेल्या, डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या, फळं फोडून गर वेगळा करत होत्या. त्यांच्यात आत्या. बोटं चिकट, काळपट झालेली. टोपीत तिला मी क्षणभर ओळखलंच नाही. मला बघून ती हसली. समोरचं फळ उचलून दाखवत हळूच म्हणाली, "बग, डोळे बी उगाडले न्हाईत. कच्चंच आणत्यात मुडदे."

मी एकेकीचं नाव विचारत लिहीत गेलो. तिच्यापाशी आलो तेव्हा विचारायची गरज नव्हती. मान खाली घालून तिचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात लिहिलं, मजूर.

ती वाकून कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही.

"ह्या बारीला तरी लिवलंस न्हवं नीट?" तिनं विचारलं. "न्हाईतर पुन्ना खोडतील वरचे."

"लिहिलं, आत्या," मी म्हणालो. "कुणी खोडणार नाही."