कडू काढ्याला वन्स मोर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे चहा अंगावर सांडणार नाही. हा किस्सा माझ्या बायकोने चारचौघांत इतक्यांदा सांगितलाय की म्हटलं, एकदा आपल्याच तोंडाने सांगून मोकळं व्हावं. निदान तिखटमीठ तरी आपल्या हातचं.

छत्तीसगड राज्य नवीन झालं होतं तेव्हाची गोष्ट. रायपूर रातोरात राजधानी झालं आणि गावातल्या प्रत्येकाला वाटू लागलं की आता आपणही काहीतरी झालं पाहिजे. काल तहसिलीसमोर अर्ज लिहून देणारा आज 'मंत्रालयात आपली ओळख आहे' म्हणू लागला. ज्याच्याकडे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता तो डायरेक्टर झाला, ज्याच्याकडे पैसा होता तो प्रोड्यूसर, आणि उरलेले सगळे हिरो. प्रेक्षक व्हायला कोणी तयारच नव्हतं.

मी मात्र आधीपासूनच कोणीतरी होतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं आमचं घर नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचं, हे मी कोणी न विचारता सांगतो. दुसरं म्हणजे मी 'संगीत कडू काढा'मधला वैद्यराज. हे नाटक आमच्या मराठी मंडळातल्या एका हेडमास्तरांनी लिहिलेलं. गावचा वैद्य गोड गळ्याने पदं म्हणत म्हणत एकेका रोग्याला विषाचा काढा पाजतो आणि त्याची जमीन घशात घालतो. पहिल्या अंकातच मुडदे पडायला लागायचे. गणपतीत हे नाटक लावायचं की नाही यावर मंडळात दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी ते लागायचं. का? माझ्या गळ्यासाठी! वैद्याच्या पदाला वन्स मोर पडला नाही असा एक प्रयोग दाखवा. एकदा तर रोगी मरून पडला होता, आणि वन्स मोर इतका जोरात आला की त्याला उठवून पुन्हा काढा पाजावा लागला.

तर या नाटकाचा सिनेमा होणार अशी बातमी आली. करणारा आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, आलोक. लहानपणी मंडपाच्या पहिल्या रांगेत बसून माझा वैद्य बघून रडायचा, पुढे मुंबईला काही वर्षं कुणाच्या तरी हाताखाली राबून परत आला. पैसा लावणारे एक राइस मिलवाले शेठ. मराठी नाटक, पण सिनेमा छत्तीसगढी-हिंदीच्या खिचडीत. चालेल म्हटलं, विष कुठल्याही भाषेत विषच.

आणि मग कोणाला काय काम दिलं ते कळलं. अरे देवा!

वैद्याची बायको म्हणजे नाटकाचा प्राण. नवऱ्याचं पाप तिला कळतं आणि ती शेवटी स्वतःच तो काढा पिते. हे काम शेठच्या भाचीला. ती तेलीबांध्याच्या नव्या कॉलनीत राहायची आणि दुकानांच्या उद्घाटनात माइकवर बोलायची. रडण्याचा प्रसंग आहे म्हटलं की आधी विचारायची, काजळ पसरणार तर नाही ना? वैद्याला पकडणारा कोतवाल म्हणून एक नगरसेवक, ज्याला स्वतःलाच पोलीस दिसले की रस्ता ओलांडायची सवय. आणि वैद्य? माझा वैद्य? तो गुढियारीच्या पंकजला!

हा पंकज म्हणजे रेल्वेत नोकरीला आलेल्या वर्ध्याकडच्या एका गृहस्थांचा मुलगा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणारा. मराठी समजते, पण उत्तर हिंदीत. ते एक वेळ सोडा, पण गालाला खळी! मी विचारतो, खुनी माणसाला खळी कशी असेल? वैद्याच्या नाकाला धार पाहिजे, नजरेत सुरा पाहिजे. या पोट्ट्याकडे पाहून तर वाटायचं, आता हा विचारेल, काका, जेवलात का?

आलोक घरी आला, पाया पडला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, आपको पहला मरीज करना है. मालगुजार."

म्हणजे गावचा जमीनदार, जो काढा पितो, एक वाक्य बोलतो आणि मरतो. तो!

मी खवळलो. बायको कुमुद पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नको वाटते तर नाही म्हणा नं. रागावून कायले राहिले?" पण नाही म्हणेन तो मी कसला? मी ठरवलं, जायचं. एकाच प्रवेशात असं काम करायचं की त्या खळीवाल्याचं पितळ सगळ्यांसमोर उघडं पडलं पाहिजे आणि आलोकने स्वतः म्हटलं पाहिजे, दादा, वैद्य तुम्हीच करा. मंडळाच्या सेक्रेटरींना, म्हणजे देवपुजारींना, तसं बजावूनही ठेवलं.

शूटिंग शेठच्या गुढियारीतल्या एका रिकाम्या गोदामात. तिथे खाट टाकून मालगुजाराची खोली केली होती. मला फेटा बांधला, हातात पितळी वाटी दिली. आत काढा म्हणून गुळाचं पाणी. पंकजने वाटी पुढे करायची, मी प्यायचं आणि विचारायचं, "वैद्यजी, आज काढ़ा मीठा कैसे है?" मग विष समजतं, चेहरा पडतो, माणूस कोसळतो. बस.

बस? इतक्या वर्षांच्या साधनेला बस?

मी प्यायलो. वाक्य म्हटलं, पण शेवटच्या शब्दावर एक छोटासा आलाप घेतला. मग पोट धरून खाटेला एक वळसा घातला, षड्जावर जरा थांबलो, आणि मग पडलो. पडून झाल्यावर उठून नमस्कार केला, कारण ती आपली रीत आहे.

आलोक पुढे आला, हात जोडले. "बहुत बढ़िया, दादा. एक बार और करते हैं."

ऐकलंत? पहिल्याच फटक्याला वन्स मोर!

आता तुम्ही म्हणाल, सिनेमात चुकलं की पुन्हा घेतात हे तुम्हाला माहीत नव्हतं का? होतं. पण ते चुकणाऱ्यांसाठी. मी कुठे चुकलो होतो? एक शब्द इकडचा तिकडे नाही. शिवाय तो मुलगा हात जोडून 'बहुत बढ़िया' म्हणतोय. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'चुकलं' म्हणत नाहीत, हे आठवायला मला दुपार उलटावी लागली.

आणि वन्स मोर म्हणजे काय, हे या नव्या लोकांना काय कळणार? वन्स मोरला पहिलंच जसंच्या तसं म्हणणं हा रसिकांचा अपमान. नव्या जागा दाखवाव्या लागतात. म्हणून दुसऱ्या वेळी मी खाटेला दोन वळसे घातले आणि वरच्या सप्तकात जाऊन मेलो. आलोक म्हणाला, "वाह दादा. एक और. इस बार थोड़ा कम."

किती कळकळ बघा पोराची, मला वाटलं. माझा गळा दमू नये म्हणून कमी म्हणतो! त्याच्या प्रेमाखातर तिसऱ्या वेळी मी दुप्पट गायलो.

असं चाललं होतं. लाइटवाले डोकं धरून बसले होते, ते मला तल्लीन झालेले वाटले. शेठ मधून मधून उठून बाहेर जात होते. मी समजलो, भावना आवरत नाहीत.

मध्ये पंकजचा एकट्याचा तुकडा घेतला. तो वाटीत पुडी सोडतो आणि गुणगुणतो, एवढाच. गुणगुणला, पुडी सोडली, किंचित हसला. खळी पडली. आलोक म्हणाला, "ओके, आगे."

संपलं! कोणी विचारलंसुद्धा नाही पुन्हा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढा तरुण मुलगा, हातात मुख्य काम, आणि एका माणसाला वाटू नये की याला पुन्हा बघावं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "मन खट्टू करू नको रे बाबू. होते असं सुरुवातीले. मिळेल तुलेही एखाद दिवशी."

तो गोंधळून म्हणाला, "क्या मिलेगा, काका?"

मी फक्त हसलो. अशा गोष्टी सांगून कळत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी पळत समोरचा एसटीडी बूथ गाठला आणि देवपुजारींना फोन केला. म्हटलं, सकाळपासून वन्स मोरवर वन्स मोर पडून राहिले, वैद्याला एकही नाही, आज काम बदलणार म्हणजे बदलणार, तुम्ही या. देवपुजारी म्हणजे उत्साहाचा डोंगर. ते मंडळाची दहा-बारा माणसं, एक हार, शाल-श्रीफळ आणि माझी बायको, एवढं सगळं दोन ऑटोंत कोंबून घेऊन आले. कुमुदच्या हातावरचं पीठसुद्धा वाळलेलं नव्हतं.

आपली माणसं बघून मला अवसान चढलं. सुट्टी संपली होती. मी खाटेवर बसलो होतो, वाटी हातात, कॅमेरा समोर लावलेला, पंकज शेजारी. मी हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो.

"आलोक भैया, एक न्याय की बात बोलता हूँ. सुबह से आप मेरे को बार-बार बोल रहे हो, एक और, एक और. इस लड़के को एक बार भी बोला क्या? नहीं बोला. तो फिर वैद्य किसने करना चाहिए, ये आप ही बताओ!"

देवपुजारींनी टाळी वाजवली. त्यांच्या मागे मंडळाने वाजवली. बाकी गोदामात एक माणूस हलला नाही.

आलोकने मान खाली घातली. ते बघून शेठ खुर्चीतून उठले. ते काही आमच्या पाऱ्यातले नव्हते, आणि माझं नाटक बघून लहानपणी रडलेलेही नव्हते.

"दादा," ते म्हणाले, "हमारे यहाँ दोबारा तब करवाते हैं जब पहले वाला कचरा निकलता है. लड़के का पहली बार में अच्छा हो गया. आप सुबह से मेरी आधी रील पी गए."

आता काय सांगू तुम्हाला. टाळी वाजवायला उचललेला देवपुजारींचा हात तसाच राहिला. त्यांच्या दुसऱ्या हातात तो झेंडूचा हार. मी सकाळपासूनचा एकेक नमस्कार आठवत गेलो. तो खाटेचा वळसा. ते वरचं सप्तक. त्या पोराच्या पाठीवर ठेवलेला हात, आणि 'मिळेल तुलेही.' कानापर्यंत गरम झालो आणि मग एकदम गार पडलो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण गोदामाची फरशी पक्की होती.

कुठे बघावं कळेना म्हणून मी वाटी तोंडाला लावली.

तेवढ्यात पंकज माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "और लीजिए मालगुजार जी. पूरा पीजिए." आणि हसला. आणि मी त्या खळीकडे पाहिलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. इतक्या प्रेमाने विष पाजणारा माणूस मी स्वतः कधी झालो नव्हतो.

गुळाचं पाणी घशाखाली गेलं. तोंड इतकं कडू झालं होतं की गोड लागल्याचं नवल वाटलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, अगदी बारीक, "वैद्यजी... आज काढ़ा मीठा कैसे है?"

आणि खाटेवर बसल्या जागी माझा जीव सांडला. मान खाली गेली, वाटी हातातून सुटली, घरंगळत गेली.

"कट!" आलोक ओरडला. "ओके! ओके, दादा!" शेठच्या बोलण्यानंतर माझा चेहरा बघितला तेव्हाच त्याने गुपचूप कॅमेरा सुरू करायची खूण केली होती.

दिवसभरात मला मिळालेलं ते पहिलं ओके. आणि नेमके तेव्हाच आमचे देवपुजारी, ज्यांना शेठचं बोलणं अर्धवट आणि माझं मरण पुरतं कळलं होतं, हार उंच धरून गरजले, "वन्स मोर!"

"नको!" असं मी आणि शेठ एकदमच ओरडलो. आयुष्यात आमचं दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

सिनेमा लागला, पंधरवड्यात उतरला. त्या भाचीचं काजळ शेवटपर्यंत पसरलं नाही. कोतवाल कॅमेऱ्याकडेच बघत राहिला. पंकजचं नाव मात्र झालं, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की या मुलाची खळी मीच पहिल्यांदा हेरली. माझ्या मरणाचंही लोकांनी कौतुक केलं. असा चेहरा कुठून आणला, असं विचारलं की मी म्हणायचो, साधना. कुमुद शेजारून म्हणायची, "साधना कायची? शेठनं तोंडावर सांगितलं, ते हाय."

त्यानंतर तिने माझी हिंमत खचू दिली नाही, एवढं खरं. परवाच तिला ताप होता म्हणून मी चहा केला. आलं घातलं, वेलची घातली, कप नेऊन दिला आणि समोर उभा राहिलो. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झाला. पुन्हा एकदा करा."

पूर्वीचा मी असतो तर वाकून नमस्कार केला असता. आता सरळ आत गेलो आणि पातेलं घासायला घेतलं.