उत्तनचं मुकं पिस्तूल आणि मुशीचं तेल

शनिवारी दुपारी दुकानातून निघालो आणि भाईंदरचं तिकीट काढलं. "पिस्तूल बघायला चाललोय," असं बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "रोज दुकानात दुसरं काय बघता?" खरंच आहे. मुंबईत बंदुका दुरुस्त करण्यातच माझी हयात चाललीय. पण हे पिस्तूल रोज दिसणारं नव्हतं. ते होतं उत्तनच्या पास्कूबाबांचं; त्यांनी आयुष्यभर जहाजावर इंजिन सांभाळलं. तरुणपणी बेल्जियमच्या एका बंदरात त्यांनी ते घेतलं होतं. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरणाऱ्या खिशातल्या पिस्तुलांची ती पहिली पिढी! दोन कारागिरांनी ते निकामी ठरवलं होतं. सोमवारी फौजदार घोडबंदरला परवाने तपासणार होते आणि न चालणारं हत्यार मोडीत जाणार होतं. म्हणजे माझ्या हातात जेमतेम दीड दिवस होता.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. भाईंदर स्टेशनाबाहेर टांगा मिळतो, पण भाडं बसायच्या आधी ठरवा. राई, मोर्वे ही गावं मागे टाकत जाताना दोन्ही बाजूंना नुसती मिठागरं. सावली शोधूनही सापडत नाही, तेव्हा फिरकीचा तांब्या भरून घ्या. मी घेतला नव्हता. उत्तनला पोचेपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली.

पास्कूबाबांच्या बायकोने, रोझाबायने, आधी पाणी दिलं, मग तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. असलं कालवण मुंबईत कुणी केलं तर मला कळवा. मी दोन भाकऱ्या संपवल्या तरी ती स्वतः जेवेना.

"मीच वाट लावली त्याची," ती म्हणाली. "होडीला लावतात तो मुशी मासळीचा तेल, तोच दर म्हयन्याला लावला. खाऱ्या हवेत तेलाबिगर लोखंड रवते काय, सांग."

"दोघा कारागिरांनी तेच सांगितला, बाईचा तेल नडला," पास्कूबाब खाली बघत म्हणाले. "आता ही त्याला हात लावत न्हाय."

मला त्या दोघांचा भयंकर राग आला.

रविवारी सकाळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं. गोळ्यांचा खण काढला, नळीत गोळी नाही याची खात्री केली आणि पिस्तूल उघडलं. या जातीची सुरुवातीची हत्यारं सैन्यासाठी केलेली, अवजड. मग कुणा शहाण्याच्या मनात आलं की साध्या माणसाने हे कोटाच्या खिशात ठेवायचं तर काय लागेल? त्याने ते चपटं केलं, कापडात अडकणारा भाग आत लपवला आणि मुठीच्या पाठीला एक पट्टी बसवली. पंजाने घट्ट धरलं की पट्टी आत जाते आणि तेव्हाच चाप ओढला जातो. खिशात चुकून बार उडायला नको, म्हणून ही सोय. ही अक्कल मला दरवेळी नव्याने आवडते.

इथे नेमकी तीच पट्टी अडली होती. मुशीचं तेल सुकून तिच्यामागे डिंकासारखं घट्ट झालं होतं. ते दोघे कारागीर रिव्हॉल्वरवर वाढलेले. रिव्हॉल्वरला अशी पट्टी नसते, म्हणून तिकडे कुणी बघितलंच नाही; तेलाने सगळं हत्यारच बिघडलं, असं ठरवून मोकळे झाले. रॉकेलमध्ये भिजवून दुपारपर्यंत ती मोकळी केली. रिकामाच चाप ओढला. टक्! पास्कूबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली. रोझाबाय मात्र आतच राहिली.

"उद्या घोडबंदरला तुम्हीही चला," मी तिला म्हटलं. पहाटे ती बैलगाडीत आमच्या आधी जाऊन बसली.

भाईंदर बंदरावरून भरतीबरोबर मचवा घोडबंदरला सुटतो. जमेल त्याने हा प्रवास कराच. खाडीवर गार वारा, दोन्ही काठांना तिवरं आणि समोर हळूहळू वर येणारा किल्ला. मी त्यातलं निम्मंच पाहिलं, कारण सारखी ती पट्टी दाबून बघत होतो.

"हेच का ते मोडीतलं?" फौजदारांनी विचारलं.

"चालवून बघा की साहेब!" मी म्हणालो. आवाज जरा जास्तच चढला.

किल्ल्याखालच्या मातीच्या बांधावर पास्कूबाबांनी नेम धरला. एक, दोन, तीन. प्रत्येक बाराच्या धक्क्याने वरचा भाग मागे जाई, रिकामी पुंगळी उडे, पुढची गोळी भरली जाई. सहाच्या सहा सुटल्या, एकही अडकली नाही! मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

फौजदारांनी नळीतून उजेड पाहिला. "समुद्रकाठी इतकी वर्षं, आणि गंजाचा ठिपका नाही? ठेवलं कुणी हे?"

"हिनं," पास्कूबाब म्हणाले. "हिच्या तेलानं." आणि सगळ्यांसमोर त्यांनी पिस्तूल बायकोच्या हातात दिलं. तिने पदराने ते पुसलं. मग मान वर करून फौजदारांना म्हणाली, "लिवा, चालू हाय."

त्यांनी तसंच लिहिलं.

घरी आलो तेव्हा अंग आंबलं होतं, पण झोपवेना. या पिस्तुलाची हकिगत लिहायला बसलो. कुणी मागे जाणारा भाग शोधून काढला, कुणी चपटं केलं, कुणी मुठीला पट्टी लावली, असे एकेकाचे उपकार लिहून काढले. सगळे परदेशी, सगळे पुरुष. तेवढ्यावर थांबवेना. शेवटी त्याच यादीत लिहिलं: गंजू दिलं नाही ती रोझाबाय, उत्तन.